डाव्या हाताची मूठ

१

जुनं लष्करी पिस्तूल समोर आलं की मी आधी त्याची मूठ उघडते. मालकाला नेहमी घडणीच्या सालाची घाई असते. पण लोखंडावर सालाचा ठसा कुणीही ठोकू शकतं. एक हावरा मालक आणि एक बरा कारागीर एवढं पुरतं. मुठीच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्या असतात, एकेका स्क्रूवर बसलेल्या. त्या काढायच्या, आतल्या बाजूला पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे आहेत का ते बघायचं, मग बाहेरची झीज. पिस्तूल कुणाच्या हातात राहिलं, किती राहिलं, हे लाकूड लपवत नाही. माझे वडील फौजेत हत्यारं दुरुस्त करायचे, त्यांनी मला हे शिकवलं. पुढे पुण्यात संग्रहालयाचं शिक्षण घेतलं, आणि आता भोरला आईजवळ राहून मी हेच काम करते. कुणाकडे काय आहे, खरं किती, खोटं किती, ते लिहून देते.

इंद्रजितचा बंगला वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याला. जमिनींच्या व्यवहारांत वर आलेला माणूस. फौजेत एक दिवस काढलेला नाही, पण मिशा, चाल आणि बोलणं सगळं सुभेदाराचं. त्याला पुण्यातल्या एका प्रदर्शनात आपली पिस्तुलं मांडायची होती आणि माझा दाखला हवा होता. पिस्तुलं सगळी नियमाप्रमाणे निकामी केलेली. नळीत पोलाद ठोकलेलं, आतली सुई काढलेली. गोळी सुटायचा प्रश्नच नाही.

पहिल्याच भेटीत त्यानं मला भोरच्या कुठल्या आळीतली ते विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि मग "बरं बरं" म्हणून गप्प झाला. त्या 'बरं बरं'चा अर्थ मला लहानपणापासून कळतो. मी हातमोजे चढवले आणि कामाला लागले.

पिस्तुलांची खोली डोंगराच्या अंगाला, अर्धी जमिनीत. खिडकी नाही. हवेतला ओलावा ओढणारं यंत्र कोपऱ्यात सारखं घरघरत असतं. काचेच्या कपाटाची आणि दाराची, दोन्ही किल्ल्या इंद्रजितच्या गळ्यातल्या साखळीत. त्याचा सगळ्यात जास्त जीव एका जर्मन पिस्तुलावर. नळीच्या बुडाशी वरच्या अंगाला १९१७ चा ठसा आणि त्याच्यावर १९२०. पहिलं साल घडणीचं. युद्ध संपल्यावर तेच पिस्तूल पुन्हा सरकारी कामात घेतलं की वर दुसरं साल ठोकत. असे दुहेरी सालाचे नग लोक मुद्दाम शोधतात, म्हणून त्यांत बनावटही फार. हा नग खरा होता. ठशांच्या कडा जुन्या, गोल झालेल्या. मुठीच्या फळ्या अक्रोडाच्या, आतले आकडेही जुळणारे.

बाहेरच्या झिजेत मात्र एक गोष्ट वेगळी होती. या फळ्यांवर शंकरपाळ्यासारखी बारीक नक्षी कोरलेली असते. उजव्या हाताच्या माणसाचा अंगठा डाव्या फळीवर टेकतो, तिथली नक्षी पुसते. इथे अंगठ्याचा खळगा उजव्या फळीवर होता. म्हणजे वापरणारा डावखुरा. त्याच फळीवर पुढच्या कडेला दोन बोटांची झीज होती. तिसरं बोट, करंगळी, जिथे यायला हवी तिथली नक्षी मात्र टोकदार, नवी असल्यासारखी. कुणीतरी डावखुरा शिपाई, करंगळी गमावलेला. शंभर वर्षांपूर्वीचा कोणी बिचारा. मी तसं टिपून घेतलं.

तेवढ्यात इंद्रजितची बायको, स्नेहल, चहा घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत आली नाही. तिनं कप पुढे केला तो डाव्या हातानं. इंद्रजितनं नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिनं कप खाली ठेवला, उजव्या हातात घेतला आणि पुन्हा पुढे केला.

"लग्न होऊन आली तेव्हा सगळं डाव्या हातानं," तो मला हसत म्हणाला. "सवय मोडून काढली."

मी कप तसाच ठेवून फळ्यांचे फोटो काढले.

२

घरी येऊन फोटो लावत बसले. काम ठरण्याआधी इंद्रजितनं उन्हाळ्यात स्वतःच मोबाईलवर याच पिस्तुलाचे फोटो पाठवले होते. मी ते शेजारी ठेवले. उन्हाळ्यातल्या फोटोत उजवी फळी अंगभर टोकदार होती. खळगा नाही, बोटांची झीज नाही.

अशा वेळी शहाण्या माणसानं पहिल्यांदा फळी बदलली असं म्हणावं. मी तेच म्हटलं. पण लाकडावर वरच्या बाजूला शिरांची एक गाठ होती, डोळ्यासारखी, आणि ती दोन्ही फोटोंत एकाच जागी होती. फळी तीच. मग कुणीतरी ती घासून जुनी केली असेल. पण घासलेलं लाकूड मी ओळखते. कानशीनं घासलं तर नक्षी सपाट होते. तळव्यानं झिजली तर ती आधी चकाकते, मग तेल पिऊन काळी पडते. हे लाकूड तेल प्यालेलं होतं. तसं व्हायला रोज हातात धरलं तरी वर्षं जातात.

मी इंद्रजितला फोन केला. पिस्तूल कुणाला हाताळायला देता का, असं विचारलं. तो भडकला. किल्ली त्याच्या गळ्यात असते, आंघोळीलाही निघत नाही, घरातलं कुणी त्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही, आणि मी त्याच्या मालाला नावं ठेवून काय साधतेय, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला, फळ्यांबद्दल काही लिहायचं नाही, फक्त साल लिहा.

आई भामाबाई शेजारी भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "शुभे, सोडून दे ते काम. असल्या माणसाच्या घरची हवासुद्धा लागू नये."

मला सोडायचं नव्हतं. जे दिसलं ते लिहू नको असं मला कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. मी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा वेल्ह्याची एसटी धरली.

३

त्या दिवशी ढग पायथ्यापर्यंत उतरले होते. स्टँडवरून तोरणा दिसत नव्हता, समोरची टपरीही जेमतेम. बंगल्यात शिरले तर इंद्रजित दारातच, तोंड आंबट करून. खोली उघडून तो खुर्ची टाकून माझ्या मागे बसला, मी काही चोरून नेईन अशा संशयानं.

कपाट उघडल्यावर मी पिस्तूल उचललं आणि लगेच खाली ठेवलं. हातमोज्यातूनही कळलं. लोखंड गार होतं, मूठ कोमट. कुणीतरी आत्ताच खाली ठेवावं तशी.

मी स्वतःला समजावलं. वरच्या दिव्याची ऊब. पण बाकीच्या पिस्तुलांना हात लावून पाहिला, ती गार होती, आणि दिवा सगळ्यांवर सारखाच होता. उजव्या फळीवरचा खळगा आता आणखी खोल गेला होता. माझा अंगठा त्यात बसला नाही. तो माझ्यापेक्षा लहान, निमुळत्या अंगठ्याचा होता. मी स्क्रू सोडवून फळी काढली. आतलं लाकूड ओलसर होतं, आणि त्याला घामाचा वास येत होता. लाकडाचा नव्हे, तेलाचा नव्हे. माणसाचा.

मग मी भिंग घेऊन सालाकडे वळले. १९१७. त्याच्यावर १९२०. आणि त्याच्याही वर, जिथे काहीच नव्हतं, तिथे लोखंड किंचित उठल्यासारखं दिसलं. ठसा ठोकला की आकडा आत दबतो. हे आकडे आतून वर येत होते, कातडीखाली शीर यावी तसे. मी नख फिरवलं. दोन. शून्य. दोन. चौथा आकडा अजून आला नव्हता.

'अजून' हा शब्द माझ्या मनात कसा आला, त्याचाच मला राग आला.

"हे कुणी केलं?" मी इंद्रजितला विचारलं.

तो वाकून बघायला लागला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याच्या मालावर मीच काहीतरी उमटवलं असा आरोप त्यानं केला. मी माझी पिशवी त्याच्यासमोर उपडी केली. त्यात जादा हातमोजे, पेचकस आणि जेवणाचा डबा एवढंच होतं. ते बघूनही तो थांबेना. मग उंबऱ्याशी जाऊन त्यानं बायकोला हाक मारली, आणि ती आली तसा तिचा डावा दंड धरून तिला हलवलं. माझ्यासमोर. खोलीत कोण आलं होतं, किल्ली कुणी घेतली होती, असं विचारत राहिला. तिच्या डाव्या हाताची बोटं त्या धक्क्यांनी मिटत होती. अंगठा मिटला, मधली बोटं मिटली. करंगळी ताठ राहिली, काडीसारखी.

मी समोरच्या पिस्तुलाकडे पाहिलं नाही. बघायची गरज नव्हती.

"सोडा त्यांना," मी म्हणाले. त्यानं सोडलं, ते माझ्या म्हणण्यानं नव्हे, त्याचा फोन वाजला म्हणून.

४

तो अंगणात फोनवर बोलत होता तेवढ्यात मी स्वयंपाकघरात गेले. स्नेहल कणीक मळत होती, उजव्या हातानं, अवघडून. मी तिच्या करंगळीबद्दल विचारलं.

"गाडीच्या दारात सापडली," ती म्हणाली. मळता मळताच म्हणाली, "दार त्यांनीच लावलं."

कधी, ते विचारलं तर म्हणाली, एकदा सासरच्या पंगतीत विसरून डाव्या हातानं वाढलं, त्या दिवशी घरी परतताना. हे सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

मी सरळच विचारलं, ती त्या खोलीत जाते का.

"न्हाई ताई. मी उंबरासुद्धा ओलांडलेला न्हाई. मला त्या वस्तूंची शिसारी येते." तिनं हात परातीत तसाच ठेवला. "पण दुपारी पडले ना, की हात भरून येतो. उठते तेव्हा मूठ आवळलेली असते. उघडता उघडत न्हाई. आणि मग हे."

तिनं डावा हात माझ्यासमोर उघडला. चटईवर झोपलं की गालावर वळ उठतात, तसे तिच्या तळव्यावर वळ होते. बारीक, तिरपे, एकमेकांना छेदणारे. शंकरपाळ्यांची नक्षी. तळव्याच्या मधोमध ती इतकी स्पष्ट होती की मला ओळी मोजता आल्या असत्या.

"कशाचं असंल हे?" तिनं विचारलं.

मी माहीत नाही म्हणाले.

५

परतीच्या एसटीत मी मनाशी भांडत बसले. एक मन म्हणत होतं, बाई झोपेत चालते, नवऱ्याच्या गळ्यातली किल्ली काढते, पिस्तूल धरून बसते, परत ठेवते. असं होतं, डॉक्टर सांगतील. पण काही आठवड्यांत लाकूड वर्षांएवढं झिजत नाही, आणि लोखंडातून आकडे उगवत नाहीत. दुसरं मन काही बोलतच नव्हतं. त्याला फक्त हवं होतं की त्या माणसाचं काय व्हायचं ते होऊ दे. मी हे लपवणार नाही. नसरापूर येईपर्यंत मी डोळे मिटून तेच बघत होते, आणि मला बरं वाटत होतं.

मग लक्षात आलं की जे होईल ते तिच्या हातून होईल. गोळी सुटो न सुटो, लोक तिलाच धरतील. त्यानं तिची करंगळी मोडली, आणि वर तुरुंगही तिलाच. हे मला सहन होईना.

तिचं माहेर भोंगवली. आई फुलाबाई एकटी, थोडी शेती, दोन म्हशी. स्नेहलशी बोलून मी नंबर घेतला आणि फुलाबाईंना फोन करून सगळं सांगितलं, पिस्तुलाचं सोडून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणा तिला. मला आधी कुणी बोललं न्हाई."

इंद्रजित कोर्टाच्या कामाला पुण्याला गेला त्या दिवशी सकाळीच मी वेल्ह्याला पोहोचले. स्नेहलनं एक पिशवी भरली. गडी गेनू अंगणात होता, त्यानं पाहिलं, आणि पाहून पाठ फिरवली. घर सोडताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. स्टँडवर बायका तिच्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे बघितल्यावर थांबल्या.

एसटीत विंझरच्या पुढे तिला झोप लागली. डावा हात मांडीवर होता. तो हळूहळू मिटायला लागला. आधी मधली बोटं, मग अंगठा येऊन वर टेकला, आणि टेकलेला अंगठा खाली सरकला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली. हे मी ओळखते. त्या पिस्तुलाचा एक छोटा खटका अंगठ्याच्या टोकाशी असतो. तो सरकवला की पिस्तूल झाडायला मोकळं होतं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय तो खटका डाव्या अंगाला असतो. डाव्या हाताच्या अंगठ्याला तिथं पोहोचता येत नाही. तिचा अंगठा मात्र न चाचपडता वर-खाली होत होता, खटका तिच्यासाठी बाजू बदलून आल्यासारखा.

मी तिची मूठ माझ्या दोन्ही हातांत धरली. ती उघडेना. माझ्या आयुष्यात मी इतकं बळ कशालाच लावलं नसेल. आत काहीतरी होतं, कठीण, कोमट, आणि मला दिसत नव्हतं. घाटातल्या वळणांना आम्ही दोघी एकत्र हलत होतो. नसरापूरचा स्टँड आला, गाडी थांबली, ती दचकून उठली, आणि हात एकदम सैल झाला. रिकामा होता.

"ताई, माझा हात कशाला धरलाय?" ती म्हणाली.

६

भोंगवलीला पोहोचलो. फुलाबाईंनी लेकीला धरून एकदा पाठीवरून हात फिरवला. चूल पेटवली. दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो. स्नेहलनं सवयीनं उजवा हात भाकरीला लावला, तशा त्या म्हणाल्या, "ज्या हातानं गोड लागंल त्या हातानं खा."

ती डाव्या हातानं खायला लागली. तेवढ्यात माझा फोन वाजला. इंद्रजित. मी पडवीत जाऊन घेतला, पण दारातून ती मला दिसत होती.

तो घरी आला होता, गेनूकडून त्याला कळलं होतं. पहिली दोन मिनिटं तो काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही. माझी जात काढली, माझी आई काढली. मीही गप्प बसले नाही. मग बोलता बोलता तो मध्येच थांबला.

"खोटं बोललात ना माझ्याशी," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "घरातच आहे ती."

मी म्हणाले, ती माझ्यासमोर जेवते आहे.

"पिस्तुलांच्या खोलीत दिवा लागलाय. दाराच्या फटीतनं दिसतंय मला. कपाटापाशी पाठमोरी उभी आहे." त्याचा श्वास फोनमध्ये येत होता. "कुलूप तर बाहेरनं आहे. आत गेली कशी?"

मी दारातून पाहिलं. स्नेहलचा घास हातातच राहिला होता. ती ताटाकडे बघत होती, पण ताट बघत नव्हती.

त्या माणसाबद्दल माझ्या मनात दयेचा कण नव्हता. तरी मी म्हणाले, "आत जाऊ नका. ऐका माझं. घराबाहेर पडा."

"माझ्या घरात मी कुठं जायचं ते तू सांगणार?"

किल्ल्या वाजल्या. कुलूप निघालं. दार उघडल्यावर त्या यंत्राची घरघर मला इथे ऐकू आली. तो आत गेला. मग रोजच्या, हुकमी आवाजात तो कुणाला तरी म्हणाला, "डावा हात खाली घे."

एक बारीक आवाज झाला. खटका सरकण्याचा.

बार झाला नाही. मी फोन कानाला लावून उभी होते. घरघर चालूच होती, दुसरं काही नाही. इकडे आत स्नेहलनं घास तोंडात घातला, चावला, गिळला, आणि आईकडे आणखी भाकरी मागितली.

७

गेनूला तो खोलीत पडलेला सापडला. अंगावर जखम नाही. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. पिस्तूल काचेच्या आत, कपाट बंद, किल्ली गळ्यात. गेनूनं पोलिसांना सांगितलं की खोलीत फटाके उडवल्यासारखा वास होता. ते कुणी लिहून घेतलं नाही. चौकशी पुरी होईपर्यंत दाराला सील लागलं. सील निघेल तेव्हा मला तपासणीला बोलावतील. चौथा आकडा मी बघणार नाही. बघून नवं काही कळायचं नाही.

दहाव्याला स्नेहल वेल्ह्याला गेली. जायला नको होतं, पण तिला जायचं होतं, म्हणून फुलाबाई आणि मी बरोबर गेलो. पडवीत सगळी भावकी बसली होती. माणूस किती दिलदार होता, किती शिस्तीचा होता, याची वर्णनं चालली होती. मी दाराशी उभी राहून दात आवळत ऐकत होते. त्याच्या चुलत्यांनी, चिमाजीआबांनी, स्नेहलला पाहिलं आणि बसल्या जागेवरून सुरुवात केली. नवऱ्याला उपाशी टाकून पळालीस, तुझ्यामुळं गेला, आता कुठल्या तोंडानं आलीस. कुणी त्यांना थांबवलं नाही. दोघातिघांनी माना डोलावल्या. आबांचा आवाज चढत गेला. ते उठून तिच्यासमोर आले आणि बोट नाचवायला लागले.

स्नेहल खाली बघत उभी होती. पदराआड तिचा डावा हात मला दिसत होता. मधली बोटं मिटली. अंगठा वर येऊन टेकला.

आणि सील लावलेल्या खोलीतून तो आवाज आला, बारीक, कोरडा. पडवीतल्या सगळ्यांनी ऐकला. कुणीतरी उंदीर असेल म्हणालं.

"आबा, आवाज कमी करा," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे वळून बघितलं, मी कोण, कुठली, हे त्यांना माहीत होतं, आणि ते तोंडावर आलं. "तू कोण मला सांगणार?" ते म्हणाले, आणि पुन्हा तिच्याकडे वळले, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

मी तिच्या अगदी शेजारी उभी होते. तिचा हात माझ्या हातापासून वीतभर लांब होता. मी तो धरला नाही.